व्हायब्रेनियमचा स्लॅग कुठे टाकतात?

पोलाद बनवणाऱ्या भिलाईत राहून काल्पनिक धातूंवर विश्वास ठेवणं अवघड आहे. पुण्या-मुंबईचा माणूस सिनेमागृहात बसतो, ‘ब्लॅक पँथर’मधल्या वाकांडाच्या डोंगरातलं निळसर चमकणारं व्हायब्रेनियम बघतो, पॉपकॉर्न संपवतो आणि समाधानानं घरी जातो. आमच्याकडे मागच्या रांगेत कोक ओव्हनचा माणूस बसलेला असतो, त्याच्या शेजारी रेल मिलचा, आणि कडेच्या खुर्चीत आयुष्यभर लोखंडाचे नमुने तोडून बघितलेले क्वालिटी कंट्रोलचे कुणीतरी. आरतीत कुणाची ओळ चुकली की चार जण जसे ती मोठ्यांदा दुरुस्त करतात, तसं पडद्यावर धातू चुकला की इथे होतं.

आमच्या स्ट्रीटवर असे एक काका आहेत. मूळचे गोंदियाचे. सगळी नोकरी ब्लास्ट फर्नेसला झाली आणि निवृत्तीनंतर ते लीजच्या क्वार्टरमध्ये राहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरहून नातू येतो आणि आजोबांना सुपरहिरोंचे सिनेमे दाखवतो. आजोबा ते निमूट बघतात. निमूट म्हणजे हातात वही नसते एवढंच. ‘ब्लॅक पँथर’ संपला तेव्हा नातवानं मोठ्या अपेक्षेनं विचारलं, “आबा, कसा वाटला?”

“चांगला आहे,” काका म्हणाले. “पण बाबू, एवढा धातू काढून राहिले, तर याचा स्लॅग कुठं टाकून राहिले हे लोक?”

“आबा, स्लॅग नसतो त्याला. तो उल्केतून आला आहे.”

“उल्का काय सोनाराच्या दुकानातून आली? माती नसंल तिच्यात?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोखंडाचं खनिज भट्टीत टाकलं की त्यातली सिलिका, अॅल्युमिना वगैरे मंडळी आपोआप घरी जात नाहीत. त्यांना पकडून बाहेर काढायला चुनखडी घालावी लागते. आमच्याकडे ती जवळच्या नंदिनीच्या खाणीतून यायची. मग लोखंड खाली राहतं, स्लॅग वर तरंगतो, आणि एक टन लोखंडामागे तीन-चारशे किलो स्लॅग घेऊन आपण उभे राहतो. त्याचं काय करायचं हा विचार आधी करावा लागतो. आमच्याकडे तो पाण्याच्या झोतानं वाळूसारखा बारीक करतात आणि त्याचं सिमेंट होतं. शेजारी जामुलला सिमेंटचा कारखाना काही हवा बदलायला आलेला नाही. वाकांडामध्ये इतक्या पिढ्या व्हायब्रेनियम वितळवलं, पण देशभर ना स्लॅगचा ढिगारा, ना सिमेंटचा कारखाना, ना रेल्वेचं सायडिंग. राजवाड्यापुढचं गवत मात्र हिरवंगार. भिलाईत वाढलेल्या माणसाला त्या गवताचाच पहिला संशय येतो.

हा संशय काकांनी शोधून काढलेला नाही. तो विज्ञानकथेइतकाच जुना आहे. एच. जी. वेल्सनं १९०१ साली चंद्रावर माणसं पाठवली ती ‘कॅव्होराइट’ नावाच्या पदार्थाच्या जोरावर. या पदार्थापुढे गुरुत्वाकर्षणाचं काही चालत नाही. खिडकीचा पडदा ओढावा तसं ते बंद करता येतं. ज्यूल व्हर्न तेव्हा म्हातारा झाला होता. त्यानं स्वतः चंद्राकडे माणसं पाठवली होती ती तोफेतून. एका मुलाखतीत तो वैतागून म्हणाला त्याचा मथितार्थ असा, की मी तोफ वापरली; या गृहस्थांचा धातू कुठे आहे, तो आधी दाखवा. मराठी वाचकाला व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांमुळे, आणि आपण तो साहसकथा म्हणून वाचला. खरं तर तो स्टोअर्सचा इन्स्पेक्टर होता. माल गेटवर आल्याशिवाय सही नाही.

वेल्स आणि व्हर्न यांच्या भांडणात सगळं जग वेल्सच्या बाजूला गेलं आणि एकटी भिलाई व्हर्नकडे राहिली. बाहेर मात्र लेखकांना मोकळं रान मिळालं. टोल्किननं मिथ्रिल काढलं: वजनाला हलकं, पोलादाहून कठीण, आणि त्याचा एक सदरा अख्ख्या शायर परगण्यापेक्षा महाग. ‘अवतार’ या २००९ च्या सिनेमात पँडोरा या उपग्रहावरचं अनऑब्टेनियम आलं, दोन कोटी डॉलर किलो. साहेबाच्या टेबलावर त्याचा खडा हवेत तरंगतो. नातवानं तो प्रसंग परत लावून दाखवला. काकांनी भाव नीट ऐकला आणि विचारलं, “हे लागते कुठं पण? आपण कोणतंही मटेरियल मागवलं तर वापर काय म्हणून कॉलम राहते.” नातवानं सिनेमा पुढे-मागे करून पाहिला. तो कॉलम पडद्यावर कोणी भरलेला नव्हता. ज्याच्यासाठी एक झाड, एक जमात आणि एक उपग्रह पेटवला त्याचा उपयोग काय, हे सांगायला पावणेतीन तासांत कोणाला सवड झाली नाही.

मिथ्रिलबद्दल काकांची तक्रार वेगळी. मोरियाच्या खाणीत बुटक्यांनी लोभापायी फार खोल खणलं आणि खालून आगीचा राक्षस उठला, ही गोष्ट त्यांना पटली. “होते असं. पण खाली उतरायच्या आधी माइन्स सेफ्टीवाल्यांना विचारलं होतं का?” धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचा एक निरीक्षक जरी मोरियात गेला असता तर राक्षस उठण्याआधी खाणीला नोटीस लागली असती, आणि तीन खंडांची ती कादंबरी दीड खंडात आटोपली असती.

सगळ्यात मोठा वाद झाला अॅडमँटियमवरून. वूल्व्हरिन नावाच्या गृहस्थांच्या हाडांवर या धातूचा मुलामा आहे. मार्व्हलच्या कॉमिकांत याची कृतीही दिली आहे, आणि कृती दिली की भिलाईकर सरसावून बसतो. काही रेझिनं एकत्र करायची, फॅरेनहाइटमध्ये पंधराशे अंशांवर पातळ ठेवायची, आठ मिनिटांत हवा तो आकार द्यायचा. एकदा घट्ट झालं की पुन्हा कधी वाकणार नाही. काकांनी मनातल्या मनात फॅरेनहाइटचं सेल्सिअस केलं. आठशे पंधरा. “यवढ्यात तर पितळसुद्धा नाही वितळत,” ते म्हणाले. “आमच्या भट्टीतून लोखंड पडते ते चौदाशे-पंधराशेला. आणि हे म्हणे जगातलं सगळ्यात कडक.” मग थोडं थांबून, माणुसकीच्या नात्यानं, “अन् त्या पोराच्या हाडावर वतलं म्हणता, तर हाडाचं काय झालं?”

पण काकांच्या तोंडून दाद मिळवलेली एक गोष्ट या सगळ्या पसाऱ्यात आहे. ती कॅप्टन अमेरिकाच्या ढालीची. कॉमिकातली हकीकत अशी: दुसऱ्या महायुद्धात डॉ. मॅकलेन नावाचा धातुशास्त्रज्ञ व्हायब्रेनियम आणि पोलाद यांचा मिश्रधातू करायला बसला. प्रयोग जमेना. रात्री-अपरात्री काम करून थकला आणि भट्टीपुढेच त्याला डुलकी लागली. तो झोपेत असताना काहीतरी अज्ञात वस्तू मिश्रणात गेली आणि जागा झाला तेव्हा जगातला सर्वोत्तम धातू तयार. ती ढाल झाली. पुन्हा तसा धातू करायला त्यानं जन्म घालवला, जमलं नाही. कारण काय पडलं ते त्याला ठाऊकच नव्हतं.

हे ऐकून काका इतके हसले की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “अहो, सी शिफ्ट!” एवढंच त्यांना बोलता आलं. सी शिफ्ट म्हणजे रात्रपाळी. पहाटे तीन ते चारच्या दरम्यान डोळा लागणं हे पोलाद उद्योगातलं सनातन सत्य आहे, आणि त्यावर चार्जशीट मिळणं हे दुसरं. पण झोपेत केलेली हीट उत्तम निघाली आणि झोपणाऱ्याचं नाव इतिहासात गेलं, असं उदाहरण त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. “आमच्याकडे असतं तर ढाल राहिली बाजूला,” ते डोळे पुसत म्हणाले, “आधी विचारलं असतं, हीट नंबर सांगा.”

हा हीट नंबर नीट समजून घ्यायला हवा, कारण माझ्या मते कल्पित धातू आणि खरा धातू यांच्यातला सगळा फरक त्यात आहे. कन्व्हर्टरमध्ये एका वेळी जेवढं पोलाद तयार होतं ती एक हीट. तिच्यात कार्बन किती, मँगनीज किती, गंधक किती, ते तपासून लिहून ठेवतात आणि त्या हीटपासून जो रूळ बनतो त्याच्या अंगावर तो नंबर ठोकतात. पुढच्या वेळी मनमाडला किंवा भुसावळला गाडी उशिरा असेल तर (म्हणजे पुढच्या वेळी) फलाटावरून शेजारच्या रुळाकडे वाकून बघा. वाकायचं ते सुरक्षित अंतरावरून. रुळाच्या वरच्या डोक्याच्या आणि खालच्या पायाच्या मधल्या उभ्या भागावर उठावाची अक्षरं दिसतील: बनवणाऱ्याचं नाव, छेदाचा आकडा, पोलादाची जात, वर्ष. साठचा आकडा दिसला तर मीटरला साठ किलो. धूळ, पानाची पिचकारी आणि गंज यांच्याखाली एक अख्खी जन्मपत्रिका. उद्या तो रूळ तडकला तर कोणत्या दिवशीच्या कोणत्या हीटचा, इथपर्यंत मागे जाता येतं. कॅप्टन अमेरिकाच्या ढालीवर नुसता एक तारा आहे.

मिश्रधातूची ती ढालीची कल्पना मात्र अगदीच हवेतली नाही. १६२१ साली जालंधरच्या बाजूला आकाशातून एक लोखंडी गोळा पडला. जहांगीर बादशहाकडे तो आला आणि त्यानं उस्ताद दाऊदला त्याच्या तलवारी करायला सांगितलं. नुसतं आकाशाचं लोखंड हातोड्याखाली फुटायला लागलं, म्हणून तीन भाग उल्का आणि एक भाग साधं लोखंड असं मिश्रण केलं आणि त्यातून तलवारी, खंजीर, सुरी असं साहित्य झालं. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. व्हायब्रेनियमच्या कथेच्या साडेतीनशे वर्षं आधीची ही खरी गोष्ट, आणि बादशहानं आपल्या रोजनिशीत प्रमाणासकट नोंदवलेली. काकांनी जहांगीराबद्दल इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं सगळं त्या क्षणी माफ केलं. “तीनास एक. लिहून ठेवलं ना! हा माणूस कामाचा होता.”

आता कुणी म्हणेल, हे सगळं परक्यांचं झालं; आपल्याकडे काय कमी आहे? काहीच कमी नाही. पण आपले पदार्थही भिलाईच्या चाचणीतून सुटत नाहीत. स्यमंतक मणी रोज आठ भार सोनं द्यायचा. रोज! भागवतात कुठेही म्हटलेलं नाही की अमुक दिवशी दुरुस्तीसाठी बंद होता. ब्लास्ट फर्नेस वर्षानुवर्षं अखंड चालते हे खरं, पण तिचं आतलं विटांचं अस्तर झिजतं आणि कधीतरी कॅपिटल रिपेअरला घ्यावीच लागते. मण्याची कॅपिटल रिपेअर व्यासांच्या नजरेतून सुटली. परीस तर त्याहून वाईट: लोखंडाला लागला की सोनं, आणि लोखंड किती, तापमान काय, याची अट नाही. पंढरपूरच्या कथेत परिसा भागवतांचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत टाकून दिला. वारकऱ्यांना त्यात वैराग्य दिसतं. पोलाद बनवणाऱ्या गावाला त्यात स्वसंरक्षण दिसतं. तो परीस चुकून रेल मिलमध्ये आला असता तर भारतीय रेल्वे सोन्याच्या रुळांवर उभी राहून जागच्या जागी खचली असती. सोनं मऊ असतं.

याउलट महाभारतात एक प्रसंग असा आहे की त्याला काका चक्क प्रमाणपत्र देतात. युद्ध संपल्यावर आंधळा धृतराष्ट्र भीमाला मिठी मारायला बोलावतो. कृष्णाला त्याच्या मनातलं कळतं आणि तो पुढे करतो लोखंडाचा भीम. धृतराष्ट्राच्या मिठीत त्या पुतळ्याचा चुरा होतो. “बरोबर आहे,” काका म्हणतात. “ओतीव लोखंड असंल. कार्बन जास्ती, म्हणून ठिसूळ. माइल्ड स्टील असतं तर वाकला असता, फुटला नसता.” म्हणजे धृतराष्ट्राच्या बळाइतकंच श्रेय कार्बनलाही जातं. आणि मौसल पर्वातलं ते यादवांचं मुसळ? ऋषींच्या शापानं जन्मलेलं लोखंडी मुसळ यादवांनी कुटून भुगा केलं आणि समुद्रात टाकलं. भुग्याचं किनाऱ्यावर गवत उगवलं, त्या गवतानं यादव एकमेकांना मारून मेले. उरलेल्या तुकड्याचा बाण झाला आणि तो कृष्णाच्या पायाला लागला. औद्योगिक कचरा परवानगीशिवाय पाण्यात सोडला की काय होतं, याचं इतकं जुनं आणि इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नसेल. प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात हे पर्व फ्रेम करून लावावं.

या आमच्या भागाला तर लोखंडाची स्वतःची दंतकथा आहे. मध्य भारतातले अगरिया पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळत आले. व्हेरियर एल्विननं १९४२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या कथांमध्ये लोहरीपूर नावाचं लोखंडाचं नगर आहे, लोगुंडी राजा आहे, आणि भट्टीत तीन असुर राहतात: लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर. लोखंड, कोळसा आणि आग. तिघांनाही मान द्यावा लागतो. एक रुसला तर लोखंड पडत नाही. मार्व्हलच्या सगळ्या विश्वात यापेक्षा शास्त्रशुद्ध काही नाही. रॉ मटेरियल, कोक ओव्हन आणि फर्नेस ही तीन खाती तेव्हाही वेगळी होती आणि तेव्हाही त्यांचं आपसात पटत नव्हतं.

आणि खाणीची गोष्ट म्हणाल तर ती सिनेमावाल्यांना सुचली नाही याचं मला आश्चर्य वाटतं. १८८७ च्या सुमारास भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी दुर्गच्या दक्षिणेकडच्या डल्ली-राजहराच्या लोखंडाची नोंद केली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा कारखान्यासाठी खनिज शोधत नागपूरला आले. सरकारी साहेबांच्या भेटीला वेळ होता, म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तिथे भिंतीवरच्या भूगर्भ नकाशात दुर्गजवळ लोखंडाची गडद खूण दिसली. ते राजहराच्या डोंगरावर पोचले तर सांगतात की चालताना पायाखाली धातूसारखा खणखणाट होत होता. अख्खा डोंगर वाजतो! हॉलिवूडला हे मिळालं असतं तर डोंगरातून निळा प्रकाशसुद्धा आला असता. टाटांनी डोंगर पाहिला, वाजवला, आणि परत गेले. कारण भट्टीला जोगता कोळसा आणि पाणी सोयीच्या अंतरावर नव्हतं. पुढे त्याच बोसांनी मयूरभंजच्या लोखंडाचं पत्र पाठवलं आणि कारखाना साकचीला झाला, आजच्या जमशेदपूरला. आमचा वाजणारा डोंगर पन्नास वर्षं तसाच पडून राहिला. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली भट्टी सुरू झाली.

यात मला कळलेला मुद्दा एवढाच, की दुर्मिळ कधी धातू नसतोच. डोंगर समोर उभा असतो. दुर्मिळ असतो तो कोळसा, ते पाणी, ती रेल्वेलाइन, आणि ते खणायला, फोडायला, वाहायला तयार झालेली माणसं. कथालेखक नेमकं तेवढंच गाळतात. वाकांडाच्या खाणीत राजा आहे, शास्त्रज्ञ राजकन्या आहे, पहारेकरी आहेत. पाटी डोक्यावर घेतलेला कामगार फारसा दिसत नाही, आणि युनियन तर नाहीच. राजहराची गोष्ट कामगाराशिवाय सांगता येत नाही. १९७७ साली तिथल्या कंत्राटी खाणकामगारांनी आपली संघटना केली, पुढे स्वतःच्या पैशानं आणि हातांनी शहीद हॉस्पिटल उभं केलं. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत झोपेत गोळी घालून खून झाला. काकांसमोर हा विषय निघाला की चेष्टा थांबते. ते एवढंच म्हणतात, “लोखंड स्वस्त आहे म्हणून लोकायले वाटते, फुकट आलं.”

आणि स्वस्त होणं हाच तर धातूच्या आयुष्यातला सर्वोच्च सन्मान आहे. तुतनखामेनच्या ममीबरोबर लोखंडाचा खंजीर ठेवला होता. तो उल्केच्या लोखंडाचा असल्याचं २०१६ साली तपासणीत ठरलं. तेव्हा लोखंड हेच व्हायब्रेनियम होतं. अॅल्युमिनियमचं तर अगदी परवा-परवाचं. तिसरा नेपोलियन खास पाहुण्यांना अॅल्युमिनियमच्या काट्या-चमच्यांनी जेवू घालायचा असं सांगतात. १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर अॅल्युमिनियमचा पिरॅमिड बसवला तो वीजवाहक म्हणून, आणि मिरवायलाही. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, हॉल आणि हेरू या दोघांनी वेगवेगळ्या खंडांत बसून तो विजेनं काढायची रीत शोधली आणि मिरवणूक संपली. आज आमच्या कोरब्यात बाल्को तो टनांनी काढते आणि त्याच्या डब्यात लोक पिठलं-भात घेऊन कामावर जातात. बादशाही धातू शिफ्टच्या डब्यात यायला शंभर वर्षंही लागली नाहीत. मिथ्रिलचं नशीब फुटकं म्हणून ते कादंबरीत अडकलं. भिलाईला आलं असतं तर त्याचे कुकर झाले असते.

छत्तीसगडची जमीन या बाबतीत मुळात कादंबरीकारच आहे. देवभोगला हिरे आहेत आणि अलेक्झांड्राइट आहे, जो दिवसा हिरवा दिसतो आणि दिव्याच्या उजेडात लालसर होतो. हे जर कुणा लेखकानं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं. कोरबा जिल्ह्यातल्या कटघोऱ्याला लिथियम सापडलं आणि २०२४ साली त्या खाणपट्ट्याचा लिलावही झाला. ‘स्टार ट्रेक’मधली अंतराळयानं डायलिथियमच्या स्फटिकावर चालतात. आम्ही निम्म्यावर आलो आहोत. आणि सुपरमॅनला लोळवणारं क्रिप्टोनाइट म्हणाल तर तेही जवळजवळ सापडलंय. २००६ च्या सुपरमॅनच्या सिनेमात संग्रहालयातल्या क्रिप्टोनाइटच्या पेटीवर एक रासायनिक नाव लिहिलेलं होतं. पुढच्याच वर्षी सर्बियातल्या जादर खोऱ्यातल्या एका नव्या खनिजाचं विश्लेषण झालं आणि ते त्या नावाशी फ्लोरिनचा अपवाद सोडला तर जुळलं. रंग हिरवा नाही, पांढरा. आत लिथियम. त्याच्यामुळे सुपरमॅनला काही झालं नाही, पण खाण नको म्हणून माणसं रस्त्यावर उतरली आणि सर्बियाच्या सरकारला घाम फुटला. २०२२ मध्ये परवाने रद्द करावे लागले, पुढे ते पुन्हा जिवंत झाले. कल्पित धातू खरा झाला की त्याची पहिली रासायनिक क्रिया मोर्चाशी होते.

खऱ्या धातूंचं एकच दुर्दैव, त्यांचं बारसं समिती करते. २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी खास पोलाद देशात तयार झालं, त्यातल्या प्लेटांचा वाटा भिलाईनंही उचलला. शत्रूच्या पाणसुरुंगापुढे टिकणारं, बाहेरून सहज न मिळणारं, हैदराबादच्या प्रयोगशाळेनं विकसित केलेलं पोलाद. त्याचं नाव काय? डीएमआर २४९ ए. व्याजाचा दाखला मागायच्या बँकेच्या अर्जाचा नंबर वाटावा असं. रुळाच्या पोलादाचं नाव आर २६०. एका तुकड्यात १३० मीटर लांब रूळ काढतात, दोन जोडून २६० मीटरचं पॅनेल करतात, आणि अशा चमत्काराला हाक मारायची ‘लाँग रेल’ म्हणून. फक्त भट्टीचं नाव ठेवताना कुणाला तरी जाग होती. २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली आठव्या क्रमांकाची भट्टी, पोटात ४,०६० घनमीटर जागा, रोजचं आठ हजार टनांच्या घरातलं लोखंड. तिचं नाव ‘महामाया’. हे नाव टोल्किनलाही आवडलं असतं.

या सगळ्याचा काकांवर परिणाम असा झाला, की त्यांनी स्वतः विज्ञानकथा लिहायला घेतली. आदर्श डॉ. जयंत नारळीकरांचा. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण नको. काकांनीही आद्याक्षरं उलटी केली. त्यांचं दडपण कोणावर येणार होतं हा प्रश्न काकूंनी विचारला, पण त्याचं उत्तर मिळालं नाही.

काकांच्या कथेत अद्‌भुत पदार्थ एकच आहे. तो तरंगत नाही, चमकत नाही, गुरुत्वाकर्षणाला काही म्हणत नाही. तो आहे कमी राखेचा भारतीय कोकिंग कोळसा. आपल्या कोळशात राख फार. भट्टीला ती चालत नाही, म्हणून चांगला कोळसा ऑस्ट्रेलियाहून समुद्र ओलांडून आणावा लागतो. लोखंडाचा डोंगर नव्वदेक किलोमीटरवर आणि कोळसा दुसऱ्या खंडात. काकांच्या कथेत इसवी सन २१०० मध्ये एका सकाळी झरियाच्या कोळशातून राख आपोआप नाहीशी होते. पुढली अठरा पानं शिफ्टवार उत्पादनाचे आकडे आहेत आणि शेवटी सगळ्या विभागांचं आपसात पटतं.

कथा एका मासिकाला पाठवली, ती साभार परत आली. संपादकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिली ओळ अशी, की कल्पनाशक्तीची झेप विश्वासार्ह वाटत नाही, विशेषतः शेवट. दुसरी अशी, की कथेत खलनायक नाही.

पहिली ओळ काकांना मान्य होती. दुसरीवर ते उसळले.

“खलनायक नाही? मग राख काय आहे?”

सध्या दुसरा भाग लिहिणं चालू आहे. त्यात राखेला संवाद दिले आहेत.